आजा-पणजाकडून नेमकं काय उचलायचं?

मलप्रभाकाठ
आमच्या खानापूर तालुक्यातली पोरं बारावी झाली की गोव्याला, नाहीतर पुण्याला. जाऊ देत. पण पहिल्या पगारात हप्त्यावर गाडी, मग फोन, आणि लग्नाला शेवटी बापाच्या जमिनीवर कर्ज. आमच्या आजाच्या घरात रोकड सुगीलाच काय ती दिसायची, तरी दारात सावकार आला नाही. बी घरचं, शेणखत घरचं, बैल घरचे. भाताचं बियाणं निवडून कणगीत भरायचं, वरून शेणानं लिंपायचं. मग घरातला तांदूळ संपो, उसना आणतील पण कणगी फोडणार नाहीत. मे सरता सरता कोरड्या मातीत कुरीनं धूळवाफ पेरणी, पावसाच्या भरवशावर. हात राखून जगणं आणि बियाण्याला न शिवणं, एवढं आजच्या पोरांनी घ्यावं असं माझं म्हणणं. पटत नसेल तर बोला.

निपाणीची नात
काका, तुमच्या आजाला कणगी होती. माझ्या आजीकडे सूप होतं.
रात्री तेंदूची पानं भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळायची. पहाटे पत्र्याचा साचा पानावर ठेवून कात्रीनं कापायची. मग सूप मांडीवर. पानात चिमूट तंबाखू, बोटांत गोल वळायची, दोरा बांधायचा, तोंड मोडायचं, पुढची. मजुरी हजारावर. संध्याकाळी कारखान्यात तपासणारा बसलेला असायचा. मूठ-मूठ विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढायचा. त्याचे पैसे नाहीत आणि विड्याही परत नाहीत. पानं खराब निघाली, हजार भरले नाहीत, तर पदरच्या पैशानं पानं विकत आणायची. माझी आई शाळेच्या वयात शेजारी बसून तोंडं मोडायची. आजी शेवटी खोकून खोकूनच गेली. तिलाही लोक ‘काटकसरी बाई’ म्हणायचे. दुसरं काय करणार होती ती?
1966 साली विडी कामगारांचा कायदा झाला. तो निपाणीत आपोआप नाही आला. याच बायका संघटित झाल्या, मोर्चे काढले, तेव्हा कुठे मालकांनी दखल घेतली. सही न येणारी बाई तपासणाऱ्याला ‘छाट माझ्यासमोर मोज’ म्हणाली, ते मला घ्यायचंय. हात राखणं तुमचं तुम्ही ठेवा.

तंबाखूशेतकरी
ताईला दुजोरा. 1981 ला शरद जोशींच्या मागे आमची अख्खी गावं हमरस्त्यावर बसली होती, तंबाखूच्या दरासाठी. 6 एप्रिलला गोळीबार झाला, 12 शेतकरी गेले. आमचे वडील त्या रस्त्यावर होते. पण पोराला मी तंबाखू लाव म्हणत नाही. दर मागायला शीक म्हणतो, पीक तुझं तू ठरव. वडिलांना हे ऐकवत नाही, ते वेगळं.

मलप्रभाकाठ
सगळं मान्य. पण रस्त्यावर दिवसच्या दिवस बसायला घरात दाणे लागतात की नाही? हप्ते थकलेला माणूस आंदोलनात किती टिकतो? म्हणून म्हणतो, आधी कणगी, मग मोर्चा.

निपाणीची नात
विडीवाल्या बायांच्या घरात कुठली कणगी, काका? त्या बसल्याच की.

उद्यमबाग_सीएनसी
मगाधरनं वाचुलालो, आता बोलतोच. शेतीवर सगळे बोलताय, आमच्या बेळगावातल्या घरात पूर्वज म्हटलं की सीमालढा. आजोबा दर 17 जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करायला जायचे, 1 नोव्हेंबरला काळी फीत. 1956 पासून धरा. महाजन आयोग झाला, 2004 ला महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला, आजोबा निकालाची वाट बघत गेले. आदर आहेच. पण त्यांनी हट्टानं कन्नड शिकली नाही, आणि आज जमिनीचा उतारा आला की अख्खी भावकी माझ्याकडे धावते. कारखान्यात माझा सुपरवायझर हुबळीचा. तिथं हट्ट घेऊन जाऊ?

येळ्ळूरकर
बाळा, तू हे मराठीत लिहितोयस ते त्याच हट्टामुळे. त्या पिढीनं मराठी शाळा धरून ठेवल्या नसत्या तर तुझी अक्षरओळखच वेगळी झाली असती. 1986 चं आंदोलन कन्नडच्या सक्तीविरुद्ध होतं, कन्नडविरुद्ध नव्हे. कन्नड येणारे मराठी म्हातारे आमच्या गावात ढिगानं होते, बैलबाजारात सौदा कन्नडमध्येच व्हायचा. तुझ्या आजोबांनी शिकली नाही हा त्यांचा स्वभाव, तो लढ्यावर ढकलू नकोस.

उद्यमबाग_सीएनसी
मग मराठी शाळांचा पट का गळतोय? भाषणं करणाऱ्यांची नातवंडं इंग्रजी शाळेच्या बसमध्ये दिसतात. माझी पुतणी मराठी शाळेत आहे, म्हणून तोंड वर करून विचारतोय.

चौथी_पिढी
सगळे ‘पूर्वज’ म्हणताहेत. कुणाचे? आमच्या पणजीला विहिरीवर चढायची मुभा नव्हती. वरून कुणी ओततील तेव्हा पाणी, तोवर घागर घेऊन उभं राहायचं. याच जिल्ह्यात सौंदत्तीच्या यल्लम्माला पोरी देवदासी म्हणून सोडायची चाल होती, कर्नाटकानं 1982 साली कायद्यानं बंदी घातली. तीही कुणाच्या तरी पूर्वजांनीच चालवली. 1925 ला याच निपाणीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद भरली होती. निपाणीच्या इतिहासात विडी येते, तंबाखू येते, ही परिषद कुणी काढत नाही. इथंही आत्तापर्यंत कुणी काढली नाही. मी पणजीचं आयुष्य शिकण्यासाठी वाचत नाही. ते परत कुणाच्या वाट्याला येऊ नये म्हणून वाचतो.

मलप्रभाकाठ
वाईट ते टाकायचं, चांगलं ते घ्यायचं. जात-पात आता गावात कोण मानतंय?

चौथी_पिढी
काका, जत्रेच्या बैठकीचं बोलावणं आमच्या गल्लीला यंदाही आलं नाही. वर्गणीची पावती मात्र वेळेवर आली.