सिंचन घोटाळ्याचं शेवटी झालं काय?

धानवाला:
मंडळी, मी भंडारा जिल्ह्यातला. आमच्या बांधाला लागून कालवा गेलाय, मी शाळेत असताना खोदला, अस्तराला आता हात जाईल एवढ्या भेगा पडल्यात आणि आत बाभळी वाढल्यात, पाणी अजून एकदाही आलं नाही. वडील आजही रोवणीला बोडीच्या (शेतातल्या छोट्या तळ्याच्या) पाण्याची वाट बघतात. २०१२ च्या आर्थिक पाहणीत आलं होतं की दहा वर्षांत सिंचन वाढलं फक्त ०.१ टक्का, आणि खर्चाचा आकडा ७० हजार कोटी. तेव्हा विरोधात असलेल्या भाजपने सिंचनाची चौकशी करणाऱ्या चितळे समितीकडे बैलगाडीतून पुरावे नेले, मी ते टीव्हीवर बघितलं आणि खरंच वाटलं की आता काहीतरी होणार. मग २७ जून २०२३ ला भोपाळच्या सभेत पंतप्रधानांनी राष्ट्रवादीवर ७० हजार कोटींच्या घोटाळ्याचा आरोप केला आणि २ जुलैला त्याच राष्ट्रवादीचे, पूर्वी जलसंपदा खातं सांभाळलेले अजित पवार भाजपसोबतच्या सरकारात उपमुख्यमंत्री! पाच दिवसांत काय बदललं, कोणी सांगेल का?

वर्धेकर:
भाऊ, पाच दिवसांचं काय घेऊन बसलात. २०१९ ला २३ नोव्हेंबरला फडणवीस आणि अजितदादांचा पहाटेचा शपथविधी झाला आणि २५ तारखेला एसीबीने (लाचलुचपत प्रतिबंधक खात्याने) सिंचनाची ९ प्रकरणं बंद केली, खातं म्हणालं यांचा अजितदादांशी संबंध नाही. नसेलही, पण तोच मुहूर्त का? आणि त्याच्याही आधी, २०१४ ला भाजपने प्रचारात ज्या राष्ट्रवादीला नॅचरली करप्ट पार्टी म्हटलं तिनेच निकाल लागल्या लागल्या भाजपला बाहेरून पाठिंबा देऊ केला आणि भाजप सरकारचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने पास झाला. डोकी मोजलीच नाहीत, मला याचा आजही राग येतो.

शुभदा_ठाणे:
एकाच पक्षाला धरू नका हो. शिवसेना २०१४ ते १९ राजीनामे खिशात घेऊन मंत्रिमंडळात बसली, नंतर ज्यांच्याविरुद्ध मतं मागितली त्या काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर सरकार केलं, त्यातही उपमुख्यमंत्री अजित पवारच. मुंबईतल्या आदर्श सोसायटीच्या घोटाळ्याचं बघा, काँग्रेसच्या अशोक चव्हाणांचं मुख्यमंत्रीपद २०१० ला त्यावरून गेलं, फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राच्या श्वेतपत्रिकेत आदर्शचा उल्लेख आला आणि त्याच महिन्यात ते भाजपात, लगेच राज्यसभेची उमेदवारी. आरोप खोटा असेल तर माफी मागा ना, खरा असेल तर खटला चालवा. आघाडी असो की युती, फाइल सगळे जपून ठेवतात, समोरचा आपल्याकडे आला की ती कपाटात जाते, गेला की परत बाहेर, निकाल मात्र कुणालाच नको असतो.

जुना_ओव्हरसियर:
मी पाटबंधाऱ्यात नोकरी केलीय म्हणून सांगतो. धानवाला, मुंबईत काय होतं ते सोडा, तुमच्या कालव्याचं विचारा. माहिती अधिकारात कार्यकारी अभियंत्याकडे अर्ज टाका, निविदेची मूळ रक्कम, सुधारित प्रशासकीय मान्यता किती वेळा घेतली, आणि तुमच्या किलोमीटरच्या मोजमाप पुस्तकाच्या नकला मागा. अस्तर किती जाडीचं दाखवून बिल काढलंय ते त्यात असतं. टेप घेऊन भेगेजवळ स्वतः मोजा, फोटो काढा.

धानवाला:
काका, हे कोणी सांगितलंच नव्हतं, आभारी आहे. आज वडिलांना घेऊन गेलो होतो, तीन ठिकाणी मोजलं, एका जागी तर बोटभरही जाडी नाही. सोमवारी अर्ज टाकतो. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं की चालतं ना?