मदत हवी आहे : परतीच्या पावसात कुमुदिनी तळ्यापर्यंत आईला घेऊन जावं का?

नमस्कार मंडळी,

आम्ही सांगलीचे. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, शनिवार-रविवारची गर्दी टाळून, आईला कास पठारावरच्या कुमुदिनी तळ्यापर्यंत चालत न्यायचा विचार आहे. आई ६२ वर्षांची. नोकरीभर वनस्पतीशास्त्र शिकवलं, पण तळंभर फुललेली कुमुदिनी तिने अजून पाहिलेली नाही. वायतुरा आणि दवबिंदू या तिथल्या वनस्पतीही तिच्या यादीत आहेतच. रोज फिरायला जाते, गुडघे मात्र उतारावर दुखतात. सोबत मी आणि दहावीतली भाची.

आदल्या रात्री साताऱ्यात मामांकडे मुक्काम करून सकाळी लवकर यवतेश्वर घाटाने वर जाऊ. हंगामातलं ऑनलाइन बुकिंग सकाळचंच घेणार आहे. काळजी हवेची आहे.

भिजायचं भय नाही, रेनकोट आहेत. पण परतीचा पाऊस जून-जुलैसारखा नसतो. सकाळी कडक ऊन, दुपारनंतर ढग दाटतात आणि विजा सुरू होतात. सड्यावर, म्हणजे पठाराच्या उघड्या माथ्यावर, जांभ्याच्या कातळावर मातीचा थर इतका पातळ की मोठी झाडं फारशी नाहीतच, उघड्यावर माणूसच उंच ठरतो. झाड सापडलं तरी त्याखाली थांबायचं नाही. वीज चमकल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती साधारण १० किलोमीटरच्या आत आहे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आडोसा सोडू नये, हे पाळणारच आहोत. पण असा आडोसा राजमार्गावर, म्हणजे तळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर, आहे कुठे? वाटेत पक्कं बांधकाम आहे, की सरळ गाडीपर्यंतच परतावं लागतं? गाडी मला सगळ्यात सुरक्षित वाटते. म्हणून आईच्या चालीने, फुलांपाशी थांबत थांबत, तळ्यापासून गाडीपर्यंत यायला किती वेळ धरावा ते कळलं तर परत फिरायची वेळ आधीच ठरवता येईल. माझ्या मते अकराच्या पुढे तळ्याकाठी रेंगाळू नये. स्थानिकांना काय वाटतं?

विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप फोनवर घेतलंय, पण त्याला नेटवर्क लागतं. तळ्याच्या बाजूला रेंज मिळते का?

दुसरं, धुकं. राजमार्ग सोडायचा नाही हे ठरलंय, फुलं तुडवायची नाहीत म्हणूनही. तरी तळ्याकडे वळायची जागा दाट धुक्यात ओळखू येते का? त्या भागात गवे आहेत. धुक्यात गवा एकदम समोर येऊ नये म्हणून तुम्ही काय करता? बोलत चालणं पुरेसं होतं का? हंगामात माहितगार वाटाड्या मिळत असेल तर आनंदाने घेऊ.

गेल्या आठवड्यात कुणी जाऊन आलं असेल तर वाटेवर चिखल किती आहे आणि कातळ शेवाळलेला आहे का, एवढं नक्की लिहा. आईसाठी काठी घेतोच आहे, बूट कोणते घ्यायचे ते त्यावर ठरेल.