याकी लोकांचा कारभार: निवडून आलेली कौन्सिल बरी की आठ गावांची जुनी बैठक?

टूसॉनकर

विषय लांबचा वाटेल पण मी ॲरिझोनात टूसॉनला नऊ वर्षं राहतोय आणि हे गेले कित्येक महिने डोक्यात घोळतंय, म्हणून लिहितो.

याकी (ते स्वतःला योएमे म्हणतात) हे मूळचे मेक्सिकोतल्या सोनोरा राज्यातले, याकी नदीकाठचे. मेक्सिकोचा हुकूमशहा पोर्फिरिओ दियासच्या काळात त्यांना पकडून थेट युकातानच्या घायपाताच्या मळ्यांवर राबायला पाठवलं, तेव्हा जे निसटले ते सीमा ओलांडून इकडे आले आणि टूसॉन-फिनिक्सच्या कडेला झोपड्या टाकून राहिले. अन्सेल्मो वालेन्सियांसारख्या लोकांनी खेटे घालून 1964 मध्ये टूसॉनच्या नैऋत्येला 202 एकर जमीन मिळवली, ते नवं पास्क्वा. 1978 मध्ये अमेरिकन सरकारनं जमात म्हणून मान्यता दिली, 1988 मध्ये स्वतःची घटना झाली. आज अकरा जणांची निवडून आलेली कौन्सिल आहे, स्वतःचे पोलिस, कोर्ट, दवाखाना, घरबांधणी सगळं आहे आणि बराचसा पैसा कसिनोतून येतो.

माझं म्हणणं असं, की जमातीचा कारभार सुधारायचा तर रस्ता हाच. लेखी घटना, ठरलेली मुदत, हिशोब, आणि सेवा स्वतःच्या ताब्यात. सोनोरातली मूळची आठ गावं अजून जुन्या पद्धतीनं चालतात, तिथं गव्हर्नर (म्हणजे गावचे प्रमुख), कॅप्टन, वडीलधारे सगळे बसून एकमत होईस्तोवर बोलत राहतात, आणि एवढं करून पिण्याच्या पाण्याची बोंब आहेच. मला तरी वाटतं की त्यांनी पास्क्वाकडून शिकावं.

मेंढ्याचा पाहुणा

टूसॉनकर, शेवटच्या वाक्याला माझा ठाम विरोध. पाण्याची बोंब बैठकीमुळे झाली का पाणी पळवल्यामुळे, ते आधी बघा ना. कार्देनास राष्ट्राध्यक्ष असताना 1937 ते 1940 च्या दरम्यान याकींची जमीन मान्य झाली आणि ला अंगोस्तुरा धरणातलं निम्मं पाणी त्यांचं असं सरकारी कागदावर लिहून दिलं. नंतर खाली ओबियाचिकचं मोठं धरण झालं, पाणी दक्षिणेकडच्या बड्या शेतीला गेलं, आणि 2010 नंतर तर एल नोवियो धरणातून एर्मोसियो शहराला पाणी न्यायला अक्वेडक्ट, म्हणजे लांबलचक पाइप, बांधला. याकींना विचारलं सुद्धा नाही. ते कोर्टात गेले, 2013 मध्ये मेक्सिकोच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की यांच्याशी सल्लामसलत करायलाच हवी होती. पाइपातून पाणी तरी चालूच राहिलं. तेव्हा विकामजवळ (आठांतलंच एक गाव) 15 नंबरचा हायवे अडवून कोण बसलं होतं? हीच आठ गावं, ह्याच जुन्या पद्धतीनं ठरवून. अकरा जणांची कौन्सिल असती तर त्यातल्या सहा जणांना गाठून सही घेणं किती सोपं गेलं असतं याचा विचार करा.

मी गडचिरोलीत ग्रामसभांसोबत काही वर्षं काम केलंय. मेंढा-लेखाला 2009 मध्ये 1,809 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तिथंही मतदान होत नाही, सगळ्यांचं पटेपर्यंत बसतात. त्यामुळे वेळ लागतो म्हणजे कारभार वाईट, हे मला अजिबात मान्य नाही.

स्वाती_फिनिक्स

तुम्ही दोघं टूसॉन आणि सोनोराबद्दल बोलताय, मधे राहिलेल्या लोकांचं काय? मी टेम्पीत राहते, शेजारी ग्वादालुपे आहे. जेमतेम एक चौरस मैलाचं गाव, याकी निर्वासितांनी वसवलेलं, मधे चौक, चौकात कॅथलिक चर्च आणि त्याला लागूनच याकींचं देऊळ. पण ही रिझर्वेशनची, म्हणजे जमातीसाठी राखून ठेवलेली, जमीन नाही. 1975 मध्ये ती एक साधी नगरपालिका झाली. म्हणजे याकी माणूस जमातीचा सदस्य आहे, कौन्सिलला मत देतो, पण घराबाहेरचा रस्ता नगरपालिकेचा आणि पोलिस कौंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) शेरीफचे, कराराने घेतलेले. 2008 च्या एप्रिलमध्ये ह्याच गावात शेरीफ आर्पायोच्या लोकांनी इमिग्रेशनच्या नावाखाली धाडी टाकल्या, चार-चार पिढ्या इथं राहिलेल्यांना रंग बघून थांबवलं. गावाच्या मेयर रेबेका हिमेनेझ स्वतः जाऊन त्यांना भिडल्या, पण गावाकडे स्वतःचे पोलिस कुठं होते? जमातीचं मुख्य ऑफिस शंभर मैलांवर. सांगा आता, घटना आहे, कौन्सिल आहे, त्या रात्री उपयोग काय झाला?

टूसॉनकर

स्वातीताई, हे मान्य. मला मुळात हेच म्हणायचंय की जिथं हक्क कागदावर जमातीच्या हातात आले तिथं फरक पडला. कोर्टाचंच घ्या. ज्या 1978 साली पास्क्वाला मान्यता मिळाली त्याच वर्षी अमेरिकन सुप्रीम कोर्टानं ऑलिफंट खटल्यात निकाल दिला की जमातीच्या कोर्टाला बाहेरच्या, म्हणजे मूळनिवासी नसलेल्या, माणसावर फौजदारी खटला चालवता येणार नाही. म्हणजे बाहेरचा नवरा रिझर्वेशनवरच्या घरात राहून बायकोला मारतोय आणि जमातीचे पोलिस त्याला फार तर गेटबाहेर नेऊन सोडणार. 2013 च्या कायद्यानं घरगुती हिंसेपुरता तो अधिकार परत मिळाला आणि 2014 च्या फेब्रुवारीत ज्या पहिल्या तीन जमातींनी तो वापरायला घेतला त्यात पास्क्वा याकी होते (दुसरे दोन ट्युलालिप आणि उमाटिला). आरोपीला फुकट वकील, कायदा शिकलेला न्यायाधीश, ज्यूरीत बाहेरचे लोकही, ह्या सगळ्या अटी पाळायला त्यांच्याकडे कोर्ट तयार होतं. एकमतानं चालणाऱ्या बैठकीला हे जमलं असतं?

वकीलीण

ह्यात थोडी भर घालते. तयार होतं ते आपोआप नाही झालं. 1978 च्या मान्यतेच्या कायद्यात रिझर्वेशनवरचा अधिकार ॲरिझोना राज्याकडे ठेवला होता, तो 1985 मध्ये राज्यानं सोडला तेव्हा कुठं जमातीचं कोर्ट उभं राहिलं. आणि पहिल्याच ज्यूरी खटल्यात आरोपी सुटला, कारण दोघांचं नातं कायद्याच्या व्याख्येत बसतं हे सिद्ध झालं नाही. मला उलट ह्यातून कोर्टाबद्दल विश्वास वाटला. ज्यांना भीती होती की जमातीचं कोर्ट बाहेरच्या माणसाला बघून घेईल त्यांना ह्याहून चांगलं उत्तर नाही.

पण टूसॉनकर, तुमची मांडणी एका ठिकाणी चुकते. दवाखाना, घरं, शिक्षण यांचा मोठा भाग 1975 च्या कायद्याखाली चालतो, ज्यात केंद्र सरकार जी सेवा देणं लागतं ती जमात करार करून स्वतः चालवायला घेते. ह्यात मेख अशी की सेवेचा पैसा येतो पण ऑफिस, ऑडिट, विमा, अकाउंटंट ह्याचा खर्च पुरा मिळत नाही आणि मग जमात आपल्या खिशातून भरते. 2024 च्या जूनमध्ये सान कार्लोस अपाचेंच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं 5 विरुद्ध 4 नं सांगितलं की विमा कंपन्यांकडून, मेडिकेडकडून (गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) मिळालेल्या उत्पन्नावर चालणाऱ्या सेवांचाही वरखर्च सरकारनं द्यायला हवा. म्हणजे लेखी घटना वगैरे सगळं बरोबर, पण पैसा मिळवायला पन्नास वर्षं कोर्टातच जावं लागतंय.

मेंढ्याचा पाहुणा

आणि कसिनोचं काय? 2020 च्या मार्चमध्ये कोविड आला आणि कसिनोला कुलूप. ज्या महिन्यात दवाखान्याला सगळ्यात जास्त पैसा हवा त्याच महिन्यात तिजोरी बंद. जुगारावर समाजाच्या सेवा उभ्या करायच्या हे माझ्या मनाला पटतच नाही.

टूसॉनकर

दादा, पटत तर मलाही नाही, पण ज्या जमिनीवर शेतीला पाणी नाही आणि जिथं कर लावायला धंदे नव्हते तिथं दुसरं काय होतं ते तरी सांगा. त्या पैशातून पोरं कॉलेजला गेली, म्हाताऱ्यांना घरं मिळाली.

गव्हाणकर

मी शेतीवाला माणूस, गव्हावर संशोधन केलंय म्हणून हा विषय जवळचा. आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे की 1966 मध्ये भारतानं जे 18,000 टन मेक्सिकन गव्हाचं बियाणं आणलं, लेर्मा रोहो आणि सोनोरा 64, त्यावरचं बोर्लॉग साहेबांचं (हरितक्रांतीचे शास्त्रज्ञ) काम ह्याच याकी खोऱ्यात झालं? ओब्रेगॉन शहराच्या आसपास. ते शहर आधी काहेमे नावानं ओळखलं जायचं, काहेमे म्हणजे 1887 मध्ये गोळ्या घालून मारलेला याकींचा पुढारी. ज्या पाण्यावर तो गहू वाढला ते याकी नदीचं पाणी. आपल्या ताटात चपाती आली त्याचा एक धागा तिथं जातो, म्हणून मला हा परक्यांचा प्रश्न वाटत नाही.

आता वादाबद्दल. पाहुण्यांनी आठ गावांच्या एकमताचं जे चित्र काढलंय ते मला जरा जास्तच गुळगुळीत वाटतं. गॅसच्या पाइपलाइनचं घ्या. सात गावांनी हो म्हटलं, लोमा दे बाकुमनं नाही म्हटलं. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये याकी-याकींतच मारामारी होऊन माणूस मेला, गाड्या जाळल्या. विकाममध्ये तर दोन-दोन गव्हर्नर मंडळी, प्रत्येक जण म्हणतो आम्हीच खरे, आणि सरकारला जे सोयीचे त्यांच्याशी सरकार बोलतं. एकमत मोडलं की मोजायला काहीच उरत नाही, मतपेटीच नाही तर खरं कोण हे ठरवायचं कसं? इथं टूसॉनकरांचा मुद्दा बरोबर आहे.

मेंढ्याचा पाहुणा

गव्हाणकर, तुम्ही सांगितलं ते खरं आहे आणि ते मला लागलं. पण फूट बैठकीनं पाडली की पैशानं? नुकसानभरपाईच्या नावाखाली कंपनी आणि सरकार गावागावांत पैसे घेऊन उतरले, एका गावानं नाही म्हटलं तर त्याला सोडून बाकीच्यांशी व्यवहार केला. एकमताचा नियम म्हणजे एकाचा नकार तो सगळ्यांचा नकार, आणि तो नियम बाहेरच्यांनी मोडला. आणि बोलणाऱ्यांना काय किंमत मोजावी लागते ते पण बघा. पाण्याच्या आंदोलनातले मारिओ लुना 2014 मध्ये तुरुंगात गेले, वर्षभरानं सुटले. विकामचे तोमास रोहो वालेन्सिया 2021 मध्ये बेपत्ता झाले आणि नंतर मृतदेहच सापडला. त्याच वर्षी सप्टेंबरात राष्ट्राध्यक्ष लोपेस ओब्रादोर विकामला येऊन सरकारच्या वतीनं माफी मागून गेले, 2,943 हेक्टर जमीन परत द्यायचा हुकूम काढला, पाणी, हॉस्पिटल असा मोठा आराखडा जाहीर झाला. माझी भीती एवढीच की आराखडा दिल्लीतून यावा तसा मेक्सिको सिटीतून येतोय, नळ कुठं बसवायचा हे गावानं ठरवायला पाहिजे.

स्वाती_फिनिक्स

नळ कुठं बसवायचा हे गावानं ठरवायचं हे एकदम पटलं. पण गावात कोण? बायका त्या बैठकीत किती बोलतात? पाणी तर त्याच भरतात.

टूसॉनकर

हा प्रश्न मी थेट विचारला. माझ्यासोबत कामाला एक याकी बाई आहेत, वयानं मोठ्या, मी त्यांना मावशीसारखंच मानतो. ईस्टरच्या आधी त्यांनी मला जुन्या पास्क्वात नेलं होतं. जुनं पास्क्वा म्हणजे टूसॉन शहरातच हायवेच्या कडेची वस्ती, रिझर्वेशनच्या बाहेर. गाडीतून उतरायच्या आधी म्हणाल्या, फोन खिशातच ठेव, फोटो काढायचा नाही, चितारायचं नाही, वहीत लिहायचं पण नाही. चौकात धूळ, मुखवटे घातलेले चापायेका हातातल्या लाकडी तलवारी एकमेकींवर आपटत फिरतायत, तोंडातून शब्द नाही. मागच्या बाजूला मांडवाखाली मेस्कीटच्या लाकडाची चूल, त्यावर बैलाचं मांस आणि हरभऱ्याचं रटरटतं भलंमोठं भांडं, आणि बायका मैद्याचा गोळा दोन्ही हातांवर उडवत उडवत कोपरापर्यंत येईल एवढी पातळ पोळी करतायत. आपल्या मांड्यांची आठवण आली मला. येईल त्याला जेवण, पैसे नाहीत.

मी विचारलं हे सगळं कोण चालवतं, कौन्सिल का? तर म्हणाल्या, लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपासाच्या) दिवसांत इथं कौन्सिलचं चालत नाही, कोहतुंब्रेचं चालतं. म्हणजे नवस बोलून ती जबाबदारी अंगावर घेतलेल्या माणसांची मंडळी, चाळीस दिवस वस्तीचा ताबा त्यांच्याकडे. मुखवट्यामागचा माणूस एरवी कुठं वेल्डर असेल, कुठं बस ड्रायव्हर असेल. आणि बायकांचं विचारलं तर चुलीकडे बोट दाखवून म्हणाल्या, जेवण किती जणांचं होणार हे त्या सांगतात, ते झाल्याशिवाय बाकीचं हलत नाही. पण कौन्सिलच्या निवडणुकीत मी मत देते, तिथं मला कुणाच्या चुलीची गरज नाही, असंही लगेच म्हणाल्या.

ह्याच बाईंना शुगर आहे. त्यांच्या दवाखान्यासाठी त्या शहर ओलांडून जातात, कारण वस्ती जुनी असली तरी जमातीची जमीन नव्या पास्क्वात.

वकीलीण

म्हणूनच तो जुन्या पास्क्वाच्या जमिनीचा कायदा महत्त्वाचा होता. काँग्रेसनं परवानगी दिली की त्या भागातली जमीन जमातीनं घेतली तर ती केंद्र सरकारच्या ट्रस्टमध्ये, म्हणजे रिझर्वेशनसारखी धरली जाईल. लोक म्हणाले हे नव्या कसिनोसाठी चाललंय. असेलही. पण ट्रस्टची जमीन झाली की त्यावर दवाखाना, घरं, पोलिस सगळं जमातीला करता येतं.

अजून एक उदाहरण, फार कुणी बोलत नाही म्हणून. 2018 मध्ये कौंटीनं रिझर्वेशनवरचं अर्ली व्होटिंगचं (मतदानाच्या दिवसाआधी मत देण्याचं) केंद्र काढून टाकलं. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी बस बदलत जायचं. 2020 मध्ये कौन्सिलनं केस केली, निवडणुकीच्या तोंडावर जजनं नकार दिला, तरी त्यांनी सोडलं नाही आणि 2021 मध्ये तडजोड होऊन केंद्र परत आलं. तोवर कौंटीत हे मतदानाचं बघणाऱ्या खात्याला नवीन अधिकारी निवडून आल्या होत्या, गॅब्रिएला काझारेस-केली, त्या स्वतः तोहोनो ओओधम जमातीच्या. केस लढायला वकील ठेवणारी कौन्सिल लागते, पाहुण्या.

मेंढ्याचा पाहुणा

लागते, नाही म्हणत नाही मी. पण टूसॉनकर, तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये तुम्ही म्हणालात सोनोरानं पास्क्वाकडून शिकावं. आता तुम्हीच सांगितलेलं बघा, जुन्या पास्क्वात वर्षातले चाळीस दिवस सोनोराचीच पद्धत चालते आणि लोक ती मानतात, पगार नसताना. मग शिकायचं कोणी कोणाकडून?

टूसॉनकर

ते वाक्य मी मागे घेतो. कोर्ट, दवाखाना, हिशोब ह्याबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे आणि गव्हाणकरांनी विकामच्या दोन गव्हर्नरांचं जे सांगितलं त्याला तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही.

मेंढ्याचा पाहुणा

नाही दिलं. माझ्याकडे ते नाही. गडचिरोलीतही एका गावात अशीच दोन गटांची बैठक दोन झाडांखाली भरायची, आम्ही दोन्हीकडे जाऊन बसायचो, तीन वर्षं लागली एक व्हायला. तेवढा वेळ विकामला कोण देणार आहे?

स्वाती_फिनिक्स

ग्वादालुपेबद्दल कुणीच बोललं नाही परत. पुढच्या लेंटला मी जाणार आहे तिथं, टूसॉनकर, तुमच्या मावशींना विचाराल का, जेवणाच्या कामाला बाहेरच्या बाईनं हात लावलेला चालतो का ते?