जोतिबाच्या यात्रेला पगारी सुट्टी मागितली की लगेच आळशी ठरतो काय आम्ही?

शिरोलीचा ऑपरेटर:
काल रात्री इथंच एका कारखानदार दादांची पोस्ट वाचली तेव्हापासून डोकं फिरलंय. म्हणणं असं की कोल्हापुरात बारा महिने यात्राच चालू असतात, ज्याला सण करायचाय त्यानं स्वतःची रजा टाकावी, मालकानं घरी बसायचे पैसे का द्यायचे. दादा, घरी कोण बसतंय? चैत्र पौर्णिमेला आमच्या गावची सासनकाठी, म्हणजे देवाच्या मानाची काठी, वाडी रत्नागिरीला जोतिबाच्या डोंगरावर जाते, आजोबांच्याही आधीपासून. एवढा उंच कळक एकट्याचं काम नसतंय, एक जण कमरेला पट्टा बांधून पेलतो आणि बाकीचे चारी बाजूंनी दोऱ्या ताणून धरतात, एक हात सैल पडला तर काठी गर्दीत आडवी. माझ्या हातात वडलांनी सोडलेली दोरी आहे. गेल्या वर्षी त्या एका दिवसाचा पगार कापला तो कापलाच, वर महिन्याचा हजेरी भत्ताही गेला, म्हणजे एक दिवस देवाला दिला आणि तीन दिवसांचे पैसे गेले. एकवीस दिवस सलग नाईट केली होती त्याचं काहीच नाही. 2020 आणि 21 ला कोरोनात यात्रा भक्तांविना झाली तेव्हा आमच्या गावात म्हातारी माणसं काठीजवळ बसून रडलेली बघितलीयत मी. हे तुम्हाला पिकनिक वाटतंय?

उद्यमनगर फाउंड्री:
पोस्ट माझीच आहे, लपत नाही. मी पण गुलाल घेऊन आलेला माणूस आहे भावा, मला देव शिकवू नको. पण भट्टीला देव कळत नाही. इंडक्शन फर्नेस, म्हणजे विजेवरची भट्टी, पूर्ण थंड केली की लायनिंगला, आतल्या अस्तराला, तडे जातात, परत हळूहळू तापवत आणावी लागते, म्हणजे एका दिवसाची सुट्टी दीड दिवसाला पडते. आणि एकच दिवस असता तर बोललोही नसतो. जोतिबा झाला की दुसऱ्या दिवशी अंबाबाईचा रथ, मग महिनाभर एकेकाच्या गावची म्हाई म्हणजे गावजत्रा, आषाढात टेंबलाई देवीला नदीचं पाणी आणि गल्लीगल्लीच्या यात्रा, श्रावण, गणपती, नवरात्र. मोल्डिंगला बिहारची पोरं आहेत, ती छठला गावी जाणार, तिकीट दोन महिने आधी काढून ठेवलेलं असतंय. कुणाला हो म्हणू आणि कुणाला नाही? कास्टिंग वेळेत गेलं नाही तर गिऱ्हाईक लाईन थांबली म्हणून माझ्या बिलातनं पैसे कापतंय. ते कुठल्या भत्त्यातनं भरू?

बाँड पेपर:
भावनेवर चाललंय सगळं, कायद्याचं कुणी बोलेना. महाराष्ट्राचा 2017 चा दुकानं आणि आस्थापनांचा कायदा आहे, त्यात वर्षाला आठ पगारी सुट्ट्या आहेत. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि उरलेले चार सण मालक-कामगारांनी वर्ष सुरू व्हायच्या आधी बसून ठरवायचे. त्या दिवशी कामावर बोलावलं तर दुप्पट पगार आणि वर बदली सुट्टी. आधी बसून ठरवायचे हे परत वाचा. किती जणांना कुणी कधी विचारलं?

उद्यमनगर फाउंड्री:
साहेब, तो कायदा दुकानाला आणि ऑफिसला. मला कारखान्यांचा कायदा लागतो, 2025 पर्यंत 1948 चा फॅक्टरी ॲक्ट होता, आता त्याच्या जागी नवी कामगार संहिता. त्यात वीस दिवस कामाला एक दिवस भरपगारी रजा आहे, सणाच्या सुट्ट्यांचं कलम नाही.

बाँड पेपर:
बरोबर आहे, आणि तीच तर खोट आहे. कागल सोडून पुढं निपाणीला जावा, कर्नाटकात सणाच्या सुट्ट्यांचा वेगळा कायदा 1963 पासून आहे आणि तो कारखान्यांनाही लागतो. तिकडं पण फाउंड्र्या आहेत, त्यांच्या भट्ट्या फुटल्या काय?

राजारामपुरी ऑफिस:
चार सण ठरवायचे म्हणताय तर आमच्याकडं कसे ठरतात ते ऐका. हेड ऑफिस पुण्यात. जानेवारीत तिथल्या एचआरची यादी मेलवर येते. यंदा ऐच्छिक सुट्टीत "बैलपोळा", श्रावण अमावास्येला. कोल्हापुरात पोळा कोण करतंय? आपल्याकडं बैलांचा सण म्हणजे बेंदूर असतो आणि तो पोळ्याच्या कितीतरी आधी होऊन जातो. मी मेल केला की इथल्या युनिटला बेंदूर द्या, तर उत्तर आलं की सणाचं नाव आमच्या सिस्टीममध्ये नाही. माहेरी अजून दोन बैल आहेत, शिंगं रंगवायला मी दरवर्षी जायची. यंदा व्हिडिओ कॉलवर बघितली.

शिरोळकर:
ताई, बेंदूर म्हणजे कुठला पण? आमच्याकडं कर्नाटकी बेंदूर असतो, ज्येष्ठ पौर्णिमेला. खरा तोच, पेरणीच्या तोंडावर बैलाचा मान. आषाढातला नंतरचा.

पन्हाळ्याकडचा:
खरा तोच म्हणजे काय? आमच्या बापजाद्यांनी आषाढातच केलाय, आम्ही खोटं करत होतो काय? तुमच्या तालुक्याला कर्नाटक जवळ म्हणून तिकडचा सण, ते ठीक, पण खरं-खोटं नको.

शिरोळकर:
तिकडचा सण? आम्ही महाराष्ट्रातच राहतोय. बैल पळवून कर, म्हणजे आडवं बांधलेलं तोरण, तोडायचा सोहळा बघायला एकदा या, मग बोला. तुमच्याकडं आता ट्रॅक्टरच पुजता.

पन्हाळ्याकडचा:
ट्रॅक्टर पुजतो, मग? बैल ठेवायला आता घरात माणूस लागतंय आणि ते माणूस एमआयडीसीत आहे. वडलांनी 2019 च्या पुरानंतर बैलजोडी विकली. मातीचे बैल आणून पोळी दाखवतो आणि त्या दिवशी म्हातारा गोठ्यात एकटा जाऊन बसतोय. त्याच्याजवळ बसायला मला सुट्टी पाहिजे, तुझ्या सर्टिफिकेटसाठी नको.

शिरोळकर:
...बरं. ट्रॅक्टरचं बोलायला नको होतं. पण तारीख ज्येष्ठातलीच धरा असं मी म्हणणार.

शाहूपुरी गॅरेज:
तुमचं दोन बेंदराचं भांडण, आमचं चंद्राचं. रमजान ईदची सुट्टी यादीत छापलेल्या तारखेला, चंद्र दिसला नाही की ईद दुसऱ्या दिवशी. दोन वर्षांपूर्वी छापील तारखेला गॅरेज बंद राहिलं, मी घरी रोजा धरून बसलो आणि ईदच्या सकाळी नमाजहून थेट कामावर. आईनं शिरखुर्मा डब्यात भरून दिला. मालक वाईट नाही, त्याला सुचलंच नाही. आमच्या तालमीत पीर बसतात तेव्हा निम्मी पोरं हिंदू असतात, मोहरमला रात्रभर जागतात आणि सकाळी त्यांचाही खाडा पडतो. एक तारीख सरकवायची सोय ठेवली तर कुणाचं काय जातंय?

नर्स, रात्रपाळी:
सुट्टी, सुट्टी, सुट्टी. दवाखाना बंद ठेवता येत नाही हे मला मान्य आहे, कुणीतरी थांबलंच पाहिजे. तीन दसरे मी युनिफॉर्ममध्ये काढले, दसरा चौकातला सोहळा पेशंटच्या टीव्हीवर बघितला. राग त्याचा नाही. बदली सुट्टी देतो म्हणाले, ती तिन्ही वर्षं मिळाली नाही, आणि विचारलं की सेवाभाव कुठं गेला म्हणून ऐकवतात. थांबणाऱ्याला दुप्पट पैसे द्या आणि ते लिहून द्या. गोड बोलून काम काढून घेऊ नका.

उद्यमनगर फाउंड्री:
सिस्टरांचं म्हणणं पटलं, तुमच्या सगळ्या ओरड्यापेक्षा जास्त पटलं. भट्टीवर सहा माणसं थांबली तरी लायनिंग गरम राहतंय, मेल्टिंग नाही केलं तरी चालतंय. त्या सहांना दुप्पट द्यायला मी तयार आहे. पण सगळ्यांच्या सगळ्या यात्रांना नाही. चार म्हणजे चारच, डिसेंबर संपायच्या आत यादी टेबलावर पाहिजे. आणि यात्रेच्या दुसऱ्या दिवशी अंग दुखतंय म्हणून दांडी मारली तर भत्ता कापणार, तिथं मी ऐकणार नाही.

शिरोलीचा ऑपरेटर:
दुसऱ्या दिवसाचं मान्य. तेवढं बरोबर आहे तुमचं, आमच्यातले चार जण तसं करतात. आमच्या मालकाला तुमची पोस्ट दाखवली तशी ही कमेंट पण दाखवतो.

ठेक्यावरचा पोरगा:
मी फेटलिंगला आहे, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायला ग्राइंडर मारतोय, चार वर्षं त्याच शेडमध्ये. पण हजेरी ठेकेदाराच्या वहीत. काम नाही तर पैसा नाही, 15 ऑगस्टला झेंड्याला उभं करतात आणि त्या दिवसाचा खाडा मांडतात. तुमच्या चार सणांच्या यादीत आमचं नाव असणार काय दादा? माझ्या घरातली पण काठी आहे. ती धाकटा भाऊ धरतोय, शाळेतला.

उद्यमनगर फाउंड्री:
ठेकेदाराशी बोलावं लागंल. सोमवारी बोलतो.

ठेक्यावरचा पोरगा:
सोमवारी शेड बंद असते.

उद्यमनगर फाउंड्री:
मंगळवारी. सकाळी सातला गेटवर ये, वही घेऊन त्यालाच बोलवतो.