मदत हवी आहे: नववीतल्या मुलीसाठी इन्फर्मॅटिक्स ऑलिंपियाडची तयारी

नमस्कार मंडळी,

मी सातारा जिल्ह्यातल्या एका मराठी शाळेत गणित शिकवते. माझ्या नववीच्या वर्गात कोड्यांचं विलक्षण वेड असलेली एक मुलगी आहे. शिष्यवृत्तीचा बुद्धिमत्तेचा पेपर तिने अक्षरशः खेळत सोडवला होता. सुट्टीत मोबाईलवरच पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा थोडी शिकली. घरी कॉम्प्युटर नाही, शाळेच्या लॅबमध्ये आठवड्याला एक तास मिळतो. भरमसाट फी घेऊन सगळ्यांनाच पदक वाटणाऱ्या स्पर्धांत मला तिला ढकलायचं नाही.

इंडियन कम्प्युटिंग ऑलिंपियाडबद्दल, म्हणजे शालेय मुलांच्या इन्फर्मॅटिक्सच्या (संगणकीय कोडी आणि प्रोग्रामिंगच्या) स्पर्धेबद्दल वाचलं. आधी झोनल (विभागीय), मग राष्ट्रीय फेरी, मग शिबिर आणि शेवटी चौघांचा संघ आंतरराष्ट्रीय स्पर्धेला. कॉम्प्युटर हाताशी नसताना याची तयारी सुरू करता येईल का? पायथनवर भागेल की सी प्लस प्लस शिकावंच लागेल? आणि इंग्रजी वाचताना ती अडखळते, त्याचं काय करू?

प्रतिसाद १

मॅडम, नक्की सुरू करा. गणित-विज्ञानाची ऑलिंपियाड होमी भाभा केंद्राकडे असतात, ही मात्र आयएआरसीएस ही संस्था घेते. माहिती तिच्याच संकेतस्थळावर बघा, कारण फेऱ्यांचं स्वरूप आणि तारखा बदलतात. तिथे झोनल इन्फर्मॅटिक्स ऑलिंपियाडच्या जुन्या प्रश्नपत्रिका उत्तरांसह आहेत. त्या कागद-पेन्सिलीच्या आहेत, प्रोग्रामिंग यावं लागत नाही. कमीत कमी खर्चाचा रस्ता कोणता, किती प्रकारे रचना होईल, असले प्रश्न. छापून द्या आणि उत्तर आल्यावर विचारा, "आकडे दहापट मोठे केले तर हीच रीत चालेल का?" खरी तयारी तिथे होते.

प्रतिसाद २

वरच्या मुद्द्याला जोडून एक उदाहरण. एक लाख संख्या दिल्यात, त्यांतल्या कुठल्या दोघींची बेरीज बरोबर अमुक येते ते शोधायचं. प्रत्येक जोडी तपासली तर सुमारे ५०० कोटी जोड्या होतात आणि वेळेची मर्यादा सहसा एक-दोन सेकंदांची. आधी चढत्या क्रमाने लावा, एक बोट सुरुवातीला, एक शेवटी. बेरीज कमी पडली तर डावं बोट पुढे, जास्त झाली तर उजवं मागे. लावून झाल्यावर फार तर लाखभर पावलांत निकाल. हे तिला फळ्यावर दहा संख्या घेऊन करू द्या, कॉम्प्युटर लागतच नाही.

भाषेचं म्हणाल तर पायथनने सुरुवात उत्तम. अमेरिकेची यूएसएको ही ऑनलाइन स्पर्धा मोफत आहे, कुणालाही देता येते आणि तिथे पायथन चालतं. पहिली पायरी ब्राँझ. पण पुढे जायचं असेल तर दहावीपर्यंत सी प्लस प्लसकडे वळवा, आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तीच वापरतात. तिथे दोन दिवस, रोज पाच तास, रोज तीन प्रश्न असतात. सरावाला सीएसईएस या संकेतस्थळावरचा प्रश्नसंच घ्या, तोही फुकट.

इंग्रजीसाठी सुरुवातीला तुम्ही प्रश्न मराठीत समजावून सांगा, मग मूळ मजकूर तिलाच वाचायला लावा. या प्रश्नांत तेच ते दोन-तीनशे शब्द फिरून येतात.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! उद्याच लाख संख्यांचं कोडं देते. मुख्याध्यापकांकडे शनिवारी शाळा सुटल्यावर लॅब उघडी ठेवायची परवानगी मागणार आहे. तिथली मशिन्स फार जुनी आहेत, इंटरनेट अधूनमधूनच असतं. इंटरनेटशिवाय चालेल असा सी प्लस प्लसचा हलका कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम मशीनला चालवता येईल अशा रूपात बदलणारं सॉफ्टवेअर) कुणी वापरला आहे का?