अनुभव धागा : एक कॉम्प्युटर, गावभरचे पोट्टे आणि क्रिकेट ०७

ईए स्पोर्ट्सचा क्रिकेट ०७ हा कॉम्प्युटर गेम बाजारात आला नोव्हेंबर २००६ मध्ये. आमच्या आर्वी तालुक्यातल्या गावात तो उतरला बराच उशिरा, कुणाच्या तरी मामेभावाच्या सीडीतून. कॉम्प्युटर गावात एकच, गुरुजींच्या घरी. नियम ठरलेला : आउट झाला की कीबोर्ड पुढच्याच्या हातात. त्यामुळं जो टिकून खेळे त्याच्यावरच सगळे चिडत. "काहून टुकटुक करून राह्यला बे, उचल ना!" त्यात लाईन गेली की यूपीएस टीं टीं करू लागे. ती बॅटरी उतरायच्या आत जिंकायचं, मग ओव्हरला कितीही रन लागू देत. अशा मॅचमध्ये जी आरडाओरड झाली तशी मी पुढं नागपूरच्या जामठा स्टेडियममध्येही ऐकली नाही.

तुमच्या गावात कोणता गेम होता, कोणाच्या घरी जमायचे? सविस्तर लिहा. जुना टीव्ही गेम असला तरी चालेल.

पुसदकडचा
आमच्याकडंही हाच. नावं वापरायच्या परवान्यामुळं खरी नावं इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्याच खेळाडूंची, आपल्यांची मोडूनतोडून दिलेली. कोण सचिन, कोण सेहवाग, ते आम्ही बॅटिंगच्या क्रमावरून ठरवायचो. मग एका मित्रानं नेट कॅफेतून पेनड्राइव्हवर पॅच आणला, म्हणजे गेममध्ये बदल करणारी फाईल. खरी नावं, खरी जर्सी! त्या संध्याकाळी कोणी खेळलंच नाही, सगळे स्कोअरकार्ड वाचत बसले.

दर्यापूरवाला
मी त्याच्याही आधीचा. कापसाचा चुकारा झाला की बाबा अकोल्याहून काहीतरी आणत. एका वर्षी टीव्ही गेम आणला, दोन रिमोटचा. कॅसेटमध्ये कोनामीचा ट्रॅक अँड फील्ड होता, मूळ १९८३ चा. बटण जितकं भराभर दाबाल तितका गडी जोरात पळे. अंगठा सोलून निघायचा, म्हणून शर्टाची बाही ओढून त्यावरून बटण घासायचं. शंभर मीटरच्या शर्यतीला अर्धी आळी खिडकीत. आजी विचारायची, "आपला कोणता व्हय?" आणि जो पुढं असेल त्याच्याकडं बोट दाखवलं की खूश.

धामणगावची लेक
आमच्या घरी दादाचे मित्र जमत आणि वही माझ्याकडं. मॅचचा निकाल, गुणतक्ता, सगळं मी लिहायची. मला खेळायला मिळे ते उन्हाळ्यात भरदुपारी, पोरं विहिरीवर पोहायला गेली की. मी बॉलिंगच शिकून घेतली, बॉल कुठं पडणार ते दाखवणारी खेळपट्टीवरची खूण बॅट्समनच्या पायाशी नेऊन यॉर्कर टाकायची. दिवाळीच्या टूर्नामेंटमध्ये शेवटची ओव्हर टाकायला दादानं स्वतः हाक मारली, "ये वो, तूच टाक." त्यानंतर शेवटची ओव्हर कायम माझी. ती वही मी सासरी आणली आहे, पोरगा वाचतो.

पुसदकडचा (पुन्हा)
ताई, वही सांभाळा. कॉमेंट्रीचं लिहायचं राहून गेलं. मार्क निकोलस आणि रिची बेनॉ. इंग्रजी फारसं कळत नसे, पण डीप मिडविकेट, फाइन लेग आम्ही त्यांच्याच तोंडून शिकलो. एप्रिल २०१५ मध्ये बेनॉ गेले तेव्हा पेपरात वाचलं की कसोटीत २०० बळी आणि २००० धावा, दोन्ही करणारे ते पहिले. आम्हाला ते फक्त त्या आवाजानं माहीत होते. त्या दिवशी जुन्या मित्रांचे एकमेकांना फोन झाले, कोणी पुण्यात, कोणी बुटीबोरीत. खूप वाईट वाटलं सगळ्यांना.

खापरखेड्याजवळून
फास्ट बॉलर उमेश यादव आमच्या भागातला. २०१० मध्ये तो भारताकडून खेळला आणि पुढं एका पॅचमध्ये त्याचं नाव आलं. तेव्हापासून पहिली ओव्हर त्याचीच, कीबोर्ड कोणाच्याही हातात असो. विकेट पडली की बाहेर गल्लीत फटाका. तो पॅच आता हरवला आहे. पोळ्याला आम्ही सगळे गावी जमतोय, कॉम्प्युटरही दुरुस्त करून ठेवला आहे. कोणाकडं असेल तर नक्की कळवा.