ओल्ड फॅशन्ड पाणचट होतोय, साखरही तळाशीच राहते

तापीकाठ
शनिवारी शेतात भरीत पार्टी आहे, आठ जण. या वेळी सोडा-पाण्याऐवजी ओल्ड फॅशन्ड, म्हणजे व्हिस्की, साखर आणि बिटर्सचं कॉकटेल, करायचा बेत आहे. घरी करून पाहिला तर साखर ग्लासच्या तळाशी तशीच, आणि निम्म्यावर आला की नुसतं पाणी. व्हिस्की आपली नेहमीची, ४२.८ टक्केवाली. बिटर्स, म्हणजे त्यात थेंबभर घालतात तो मसालेदार कडू अर्क, इथे दुकानात मिळालं नाही. काय करावं?

सातपुडा_पायथा
दारूत साखर नीट विरघळत नाही, थंड दारूत तर नाहीच. पाक करून ठेवा. दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी, विरघळेपर्यंतच गरम करायचं. तार आली तर बाटलीत खडे धरतात.

एका ग्लासला व्हिस्की ६० मिली, पाक ७ मिली, बिटर्सचे दोन झटके. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीत बहुतेक मळीचं स्पिरिट असतं, अंग पातळ. त्यात पाक वाढवला की सरबत होतं, तेव्हा ५ मिलीपासून सुरू करा. बर्बन ही अमेरिकन व्हिस्की नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपात मुरते, म्हणून तिला व्हॅनिलाचा गोडवा असतो. तो इथे शोधू नका. धुरकट वासाची माल्ट व्हिस्की तर या कामाला नकोच.

आता पाणचटपणा. ट्रेमधले बारके तुकडे बाहेर काढून ठेवले की त्यांच्यावर पाणी सुटतं, आणि ते सगळं ग्लासात जातं. छोट्या वाटीत पाणी गोठवून एका ग्लासला एकच मोठा खडा घ्या, फ्रीजरमधून काढून थेट ग्लासात. मग चमच्याने अर्धा मिनिट ढवळायचं. थोडं पाणी मिसळायलाच हवं, नाहीतर घशाला लागतं.

केळीचा_घड
भो, शेतात आठ ग्लास एकेक करून ढवळत बसलात तर वांगी जळतील. घरूनच बाटली भरून न्या. व्हिस्की ४८० मिली, पाक ५५, बिटर्स १० आणि पिण्याचं पाणी १२०. हे पाणी विसरू नका, ढवळताना बर्फातून जे येतं त्याची ही भरपाई. ७५० मिलीच्या रिकाम्या बाटलीत आरामात मावतं. निघण्याआधी दोन तास फ्रीजरमध्ये ठेवा. रात्रभर ठेवलंत तर रवाळ गोळा होईल, कारण पाण्यामुळे दारू तिशीवर आलेली असते. शेतावर मोठ्या खड्यावर ओतायचं, एका ग्लासला ८० मिलीच्या आसपास, बस.

बर्फ घरून थर्माकोलच्या डब्यात न्या. लादीचा निळसर बर्फ खाण्यासाठी नसतो, तो ग्लासात घालू नका. आणि शेतात असलात तरी दारूचं परमिट जवळ असू द्या.

काडेचिराईत
बिटर्सबद्दल. अंगोस्तुरा या नेहमीच्या बिटर्सच्या लेबलवर जेन्शियन ही कडू वनस्पती लिहिलेली असते, आणि आपलं काडेचिराईत त्याच कुळातलं. काष्ठौषधींच्या दुकानात मिळतं. ५० मिली व्होडकात एक ग्रॅम काड्या एक दिवस भिजवून गाळा. दुसऱ्या ५० मिलीत दालचिनीचा बोटभर तुकडा, दोन लवंगा, चार वेलदोडे आणि अर्ध्या संत्र्याची वाळलेली साल तीन दिवस ठेवा. लवंग जास्त झाली तर दाताच्या औषधाचा वास येतो. मग दुसऱ्यात पहिलं थेंबथेंब, चव घेत मिसळा. कडू एवढं जबर असतं की सगळं एकदम ओतलं तर परतीची वाट नाही. हे अंगोस्तुरा नव्हे, पण रिकाम्या ग्लासपेक्षा बरं. बाटलीचा वर दिलेला हिशेब अंगोस्तुराचा आहे. हे घातलंत तर ५ मिलीवर थांबून चाखा.

तापीकाठ
साल नागपुरी संत्र्याची चालेल का?

सातपुडा_पायथा
चालेल. पण ती सुटी, मऊ असते, सोलाण्याने नीट निघत नाही. सुरीने रुपयाएवढी चकती काढा, आतला पांढरा भाग खरवडून टाका, तो कडू असतो. रंगीत बाजू ग्लासकडे धरून दाबा, तेलाचे बारीक तुषार दारूवर उडतात, सगळा वास तिथेच. मोसंबीची साल जाड असते, तिच्यावर हे जास्त सोपं जातं. आणि भरिताच्या आधी प्या. हिरव्या मिरचीचं भरीत तोंडात गेल्यावर बिटर्स काय आणि साल काय, काहीच कळत नाही.